खंडापासून गृहआधारापर्यंत

२० एप्रिल १९७६ रोजी पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या शेतांत डोळ्यांना दिसेल असं काहीही घडलं नाही. वायंगण भाताची कापणी उरकत आली होती. काजूचा मोसम भरात होता आणि डोंगरउतारांवर भट्ट्या धूर ओकत होत्या. देशात आणीबाणी होती, पण तिची झळ हणखणे-इब्रामपूरच्या वाड्यांपर्यंत फारशी पोहोचली नव्हती. कायद्याच्या हिशेबात मात्र त्या एका दिवसात मोठी उलथापालथ झाली. गोवा, दमण आणि दीव कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने हा 'कसणाऱ्याचा दिवस' ठरवला होता. आदल्या संध्याकाळपर्यंत भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, शेत कसणारं कूळ त्या दिवसापासून शेताचं मालक मानलं जाणार होतं. खंड द्यायचा नाही. मामलेदार ठरवील ती किंमत भरायची आणि खरेदीचा दाखला घ्यायचा. मुख्यमंत्री होत्या शशिकला काकोडकर.

हा दिवस का यावा लागला, हे समजायला या दोन तालुक्यांचा जुना जमीनधारा बघावा लागतो. तिसवाडी, बार्देश, साष्टी हा पोर्तुगिजांचा जुना मुलूख. तिथली बरीच जमीन गावकारीकडे, म्हणजे कोमुनिदादी या गावसंस्थांकडे होती. डिचोली आणि सत्तरी पोर्तुगिजांच्या हाती आली ती अठराव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात, आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून. या नव्या काबिजादीत, म्हणजे नव्याने मिळवलेल्या मुलखात, पोर्तुगिजांनी जुन्या सरदार-देसायांची वतनं फारशी मोडली नाहीत. राज्य बदललं, दप्तराची भाषा बदलली, पण खंड घेणारे हात बरेचसे तेच राहिले. पेडण्याच्या देशप्रभूंना तर पोर्तुगिजांनी व्हिस्काउंट हा किताब दिला. चौकामागून चौक असलेला त्यांचा वाडा आजही पेडण्यात उभा आहे. तो वाडा बघताना त्याच्या भिंती कोणत्या भातावर उभ्या राहिल्या, हे पर्यटकांना कुणी सांगत नाही.

कुळाचं जगणं दोन बाजूंनी बांधलेलं असे. शेत भाटकाराचं, आणि घराखालची जमीनही बहुधा भाटकाराचीच. अशा जमिनीवर घर बांधून राहणारा तो मुंडकार. भाटकाराच्या घरी लग्न असलं की मुंडकाराने पाणी भरायचं, भाटातल्या नारळांवर नजर ठेवायची. एखाद्या शब्दाने बिनसलं तर शेत आणि छप्पर एकाच दिवशी जाण्याची भीती. ज्याचं घर दुसऱ्याच्या जमिनीवर आहे, तो ग्रामसभेत काय बोलणार आणि मत कुणाला देणार?

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६२ मध्येच कुळं, मुंडकार आणि गावकामगार यांना हुसकावून लावायला मनाई करणारा आदेश निघाला. खरं बळ आलं ते १९६३ च्या निवडणुकीनंतर. २० डिसेंबर १९६३ रोजी दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांचा जन्म पेडण्याचा, १२ मार्च १९११ चा. लहानपण ओढगस्तीत गेलं, पुढे खाणधंद्यात पैसा मिळवला. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या मागे उभा राहिलेला बहुजन समाज म्हणजे मुख्यतः कुळं आणि मुंडकार. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, कूळ कायदा झाला. उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त खंड घ्यायला बंदी आली आणि कुळाला काढणं अवघड झालं.

बांदोडकरांवर लिहिणारे त्यांच्या कनवाळूपणाच्या गोष्टी सांगतात, त्या खऱ्याही असतील. मला मात्र त्यांचा धंदा महत्त्वाचा वाटतो. खाणमालकाचं उत्पन्न खंडावर अवलंबून नसतं. भाटकाराची खुर्ची हलवायला असा माणूस लागतो, ज्याची स्वतःची खुर्ची त्या जमिनीवर टेकलेली नाही. त्याच काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि त्यांत शिकवायला सीमेपलीकडच्या कोकणातून मास्तर आले. शेत सुटण्याची भीती कमी झालेल्या घरातला मुलगा शाळेत बसला, ही दोन कामांची सांधेजोड नीट लक्षात घेतली पाहिजे. नुसत्या शाळेने किंवा नुसत्या कायद्याने हे झालं नसतं.

बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ रोजी गेले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई मुख्यमंत्री झाल्या. १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती ही त्यांच्या कारकिर्दीतली. मुंडकाराला घर आणि भोवतालची थोडी जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. भाटकार अर्थातच न्यायालयात गेले. दुरुस्ती वैध की अवैध हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली तेव्हा कुठे मिटला. मधली चौदा वर्षं अनेक कुळांनी ना खंड दिला, ना खरेदीचा दाखला घेतला. निकाल लागेपर्यंत कशाला पैसे भरा, हा विचार तेव्हा शहाणपणाचा होता. नातवंडांना तो महाग पडला.

त्या महागाईचा पुरावा एका पानात मावतो. गोव्यातला जमिनीचा उतारा म्हणजे एक-चौदाचा नमुना. सत्तरच्या दशकातल्या मोजणीनंतर तो तयार झाला. वरच्या रकान्यात कब्जेदाराचं नाव, तिथे भाटकार. खालच्या रकान्यात कुळाचं नाव. दाखला घेतलेल्याचं नाव खालून वर चढतं. न घेतलेल्याचं तिथेच राहतं. आज डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या मामलेदार कचेरीत हा उतारा मागितला, तर कैक सर्व्हे क्रमांकांवर भाटकार वर आणि कूळ खाली अशीच मांडणी दिसते. दोघांनाही जाऊन जमाना लोटलेला असतो. कायदा म्हणतो जमीन कुळाची, कागद म्हणतो भाटकाराची, आणि जमीन विकत घ्यायला आलेला दलाल फक्त कागद बघतो.

त्याआधीच्या तीन-चार दशकांपूर्वीची अमेरिका डोळ्यांसमोर ठेवली तर या कायद्यांची दिशा जास्त स्पष्ट दिसते. तिकडे १९३३ मध्ये महामंदीच्या तळाशी रूझवेल्ट सरकारने शेतमालाचे भाव सावरायला कापूस कमी पेरण्याचे पैसे दिले. धनादेश निघाला जमीनमालकाच्या नावे. दक्षिणेतल्या मालकांनी पैसे घेतले, पीक कमी केलं आणि आता नको असलेल्या वाटेकऱ्यांना हाकललं. त्यांत काळे होते, तसे गोरेही. १९३४ मध्ये अर्कान्सामध्ये त्यांनी संघटना बांधली ती यातूनच. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने म्हातारपणीच्या पेन्शनची सोय केली. ती आजही अमेरिकी समाजाचा कणा आहे. पण शेतमजूर आणि घरकामगार सुरुवातीला त्यातून वगळले गेले, आणि दक्षिणेतले बहुसंख्य काळे नेमके याच दोन कामांत होते. ती वगळणूक पुढे दुरुस्त झाली, पण मधल्या काळात एका पिढीची पुंजी साठलीच नाही. तिथल्या मदत योजनांचा दीर्घ परिणाम मोजताना रस्ते आणि धरणं मोजतात; मदत कुणाच्या नावे निघाली आणि कुणाच्या नावे निघाली नाही, हेही मोजायला हवं. गोव्यात १९६४ ते १९७६ या काळात नाव कसणाऱ्याचं लागलं, निदान कायद्यात.

सगळ्या कसणाऱ्यांचं नाही. डिचोली तालुक्यातच मये नावाचं मोठं गाव आहे, तळ्यासाठी प्रसिद्ध. हे गाव पोर्तुगीज काळात मयेच्या काउंटच्या ताब्यातलं. मुक्तीनंतर जमीनदार गोव्याबाहेर, आणि जमीन 'निर्वासितांची मालमत्ता' ठरून १९६४ च्या वेगळ्या कायद्याने सरकारी कस्टोडियनकडे गेली. शेजारच्या गावांत कूळ मालक होण्याची भाषा सुरू झाली तेव्हा मयेकराचा भाटकार बदलून सरकार झालं होतं. कूळ-मुंडकार कायद्यांचा फायदा त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. घर आपलं, पण जमीन कस्टोडियनची. म्हणून बँक कर्ज देईना, वाढीव खोली बांधायची तर परवानगीचं लचांड. पिढ्या बदलल्या, आंदोलनं झाली, भूविमोचनाची समिती निघाली. २०१४ मध्ये विधानसभेने जमीनदारी हक्क आणि जुनी दानपत्रं रद्द करणारा कायदा केला, आणि त्यानंतर सनदा वाटायला आणखी काही वर्षं गेली. मदतीचा कायदा ज्याला वगळतो त्याचं काय होतं, हे शिकायला अर्कान्साला जायची गरज नाही. डिचोली बसस्थानकावरून मयेला बस मिळते.

मयेच्या शेजारी मुळगाव, शिरगाव, लामगाव, पिळगाव. या गावांत कूळ कायदा पोहोचला, पण त्याच्या आधी किंवा बरोबरीने खाण पोहोचली होती. पोर्तुगिजांनी दिलेल्या खाण परवान्यांवर १९४० च्या दशकाच्या शेवटाला लोहखनिज निघू लागलं, मांडवीतून बार्जेसनी मुरगावला आणि तिथून जपानला जाऊ लागलं. पावसाळ्यात डंपावरची माती ओहोळांनी शेतांत उतरे. लालसर गाळ बसलेल्या शेताचं पीक बुडालं की कंपनीकडून नुकसानभरपाई मिळे. हळूहळू असंही झालं की भरपाई दर वर्षी येतेच, मग पेरायचं कशाला? सरकारी नव्हे, कंपनीची. पण कष्टाऐवजी येणारी रक्कम या भागाला प्रथम भेटली ती अशी. शेत कुळाच्या नावे झालं आणि त्याच दोन-तीन दशकांत ते शेत राहिलं नाही.

२००३ नंतर चीनची मागणी उसळली आणि गोव्याची निर्यात २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांच्या वर गेली. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या घरांनी कर्जं काढून टिप्पर घेतले. एका घरात एक टिप्पर, मग भावाचा दुसरा. बँकेचा हप्ता भरायला खेपा हव्यात आणि खेपा वाढल्या की धूळ वाढे. त्याच घरातली म्हातारी खोकत असे, आणि त्याच घरातला तरुण दिवसाला एक खेप जास्त मिळावी म्हणून संघटनेत भांडत असे. शिरगावच्या विहिरी आटल्या, कारण खाणींचे खड्डे विहिरींच्या तळाखाली गेले होते. तिथल्या लईराई देवीच्या जत्रेला राज्यभरातून लोक येत, आणि गाव मात्र टँकरच्या पाण्याची वाट बघे.

सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला. बेकायदा खाणकामातून ३४,९३५ कोटी रुपयांचं नुकसान, असा आयोगाचा अंदाज होता. मनोहर पर्रीकर मार्चमध्येच मुख्यमंत्री झाले होते. त्यांच्या सरकारने सप्टेंबरातच खाणकाम तात्पुरतं थांबवलं, केंद्राने पर्यावरण परवाने गोठवले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने सगळीच हालचाल रोखली. टिप्पर अंगणात उभे राहिले. हप्ते थांबले नाहीत.

इथे इतिहासाने एक विलक्षण योग जुळवला. त्याच ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोवा सरकारची गृहआधार योजना सुरू झाली. ती खाणबंदीसाठी काढलेली नव्हती. वाढत्या महागाईत गृहिणीला हातभार, हे निवडणुकीतलं आश्वासन होतं. घराचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्या विवाहित स्त्रीला महिन्याला हजार रुपये, थेट तिच्या बँक खात्यात. पुढे ते दीड हजार झाले. मुलींना एक लाख रुपये देणारी लाडली लक्ष्मी त्याच वर्षीची. ज्येष्ठ, विधवा आणि दिव्यांगांसाठीची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना त्याआधीची, पर्रीकरांच्या पहिल्या कारकिर्दीतली. तिला नाव बांदोडकरांचं. पण डिचोलीत या योजनांची खरी परीक्षा खाणबंदीने घेतली. टिप्परमालकाचं उत्पन्न एका फटक्यात शून्यावर आलं आणि घरात दर महिन्याला नक्की येणारी रक्कम उरली ती बायकोच्या किंवा आईच्या खात्यातली.

या पैशाला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. फुकटेपणा वाढतो, कामाला माणूस मिळत नाही, हे पणजीच्या चहाच्या टेबलावर रोज ऐकू येतं. मला तसं वाटत नाही. एक-चौदाच्या रकान्यात नाव बहुधा पुरुषाचं असे. गोव्याच्या नागरी कायद्याने बायकोचा अर्धा वाटा मानला असला, तरी मामलेदार कचेरीत उभा राही तो नवराच. गृहआधाराने पेडण्या-डिचोलीतल्या हजारो बायकांना प्रथमच स्वतःच्या नावाचं पासबुक हाती दिलं, बँकेत जायला भाग पाडलं. कूळ कायद्याला जे जमलं नव्हतं ते यात थोडंफार जमलं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये लाडकी बहीण आणली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना ती नवलाई वाटली. गोव्यातल्या बायकांना त्यात नवल काहीच नव्हतं.

खाणग्रस्तांसाठी वेगळी मदतही निघाली. ट्रक, बार्ज, यंत्रांचे मालक आणि काम सुटलेले मजूर यांना आर्थिक साहाय्य, आणि पुढे बँकांशी तडजोड करून कर्ज मिटवण्याची योजना. तिने अनेक घरांना लिलावापासून वाचवलं. पण तिची रचना नीट बघा. ज्याच्याकडे नोंदलेला टिप्पर होता त्याला मदत. ज्याचं शेत गाळाने मेलं होतं आणि ज्याने टिप्पर घेतला नव्हता, त्याला यात जागा नव्हती. धूळ दोघांनी खाल्ली होती. पुन्हा तोच प्रश्न, नाव कुणाचं लागलं.

२१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: गोव्यातल्या खाणींचे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते, त्यानंतरचं सगळं खाणकाम बेकायदा. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधी उभारायला सांगितलं. सरकारने पट्ट्यांचं नूतनीकरण केलं, खाणी पुन्हा अडखळत सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरणच रद्द केलं. मार्चच्या मध्यात सगळं पुन्हा बंद.

या दुसऱ्या बंदीनंतरचा बदल मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९७६ चं कूळ भाटकाराविरुद्ध कायदा घेऊन उभं राहिलं होतं. २०१८ चा खाणअवलंबित सरकारपुढे उभा राहिला तो खाण सुरू करा किंवा मदत द्या म्हणून. हक्कदाराचा लाभार्थी झाला होता. महाराष्ट्राची रोजगार हमी आठवा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली, १९७२ च्या दुष्काळात तावून निघालेली आणि १९७७ मध्ये कायदा झालेली ती योजना काम मागण्याचा हक्क देत होती. सरकारने काम दिलं नाही तर जाब विचारता येत होता. गृहआधाराच्या रांगेत जाब विचारता येत नाही. दोन-चार महिने पैसे अडकले की स्थानिक आमदाराला फोन करायचा. खंड घेणारा गेला, पण फोन करायला लागणारा एक माणूस परत आला.

पेडण्यात गोष्ट वेगळ्या वाटेने इथेच पोहोचली. तिथे मोठ्या खाणी नव्हत्या. समुद्रकिनारा होता आणि मोपाचं पठार होतं. मोरजी, मांद्रे, हरमल इथे पर्यटनाने जमिनीचे भाव चढवले, आणि मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होण्याच्या कितीतरी आधीपासून वारखंड-धारगळच्या बाजूलाही दलाल फिरू लागले. कूळ कायद्याने मिळालेल्या जमिनीचा वापर शेतीशिवाय दुसऱ्या कामाला करता येऊ नये म्हणून १९९१ मध्ये खास कायदा झाला होता. २०२३ मध्ये भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा आणखी एक आला. दोन्ही कायदे शहाणपणाचे आहेत. पण वर भाटकाराचं नाव असलेल्या उताऱ्यावर कुळाची परवानगी न घेता सौदे झाल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. १९७६ नंतर दाखला न घेण्याचं शहाणपण महाग पडलं म्हणालो, ते यासाठी.

२०१४ मध्ये सरकारने कूळ खटले मामलेदाराकडून दिवाणी न्यायालयाकडे नेले आणि दावे करायला मुदत घातली. कुळांच्या संघटना रस्त्यावर आल्या. पुढे खटले पुन्हा मामलेदाराकडे आले. त्या आंदोलनात म्हातारे बरेच होते, तरुण थोडे. तरुणांना ही लढाई आजोबांची वाटते. पण ती संपलेली नाही. एप्रिल २०२४ मध्ये डिचोलीत लिलावातून मिळालेल्या पट्ट्यावर वेदान्त कंपनीने खाण पुन्हा सुरू केली. त्या पट्ट्याच्या हद्दीत मये, मुळगाव, शिरगाव, लामगावची घरं, देवळं आणि तळी येतात. ती वगळा अशी गावांची मागणी आहे. आता ही मागणी करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जाईल तो, जमीन तुमची आहे का? त्याचं उत्तर पासबुकात नसतं.

म्हणून पेडणे, डिचोलीतल्या वाचकांना सांगणं एवढंच. आजोबा किंवा पणजोबा जे शेत कसत होते, त्याचा एक-चौदाचा उतारा काढा. खालच्या रकान्यात नाव असेल आणि खरेदीचा दाखला घरात नसेल, तर मामलेदार कचेरीत अर्ज करा. मुंडकार म्हणून राहत असाल तर घराच्या नोंदीचंही बघून घ्या. कागदपत्रं जमवायला वेळ लागतो. पावसाळ्यात कचेरीत गर्दी कमी असते.